यादीत पेपर प्लेटांपुढे तुझं नाव

जळगाव
18 नोव्हेंबर 2025

चि. चिमू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, त्याचं वाईट वाटतंय. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. फोनवर मला नीट मांडता येत नाही, म्हणून वहीच्या कागदावर लिहितो आहे. फोटो मीच काढून पाठवीन, बंटीला देणार नाही. का ते पुढे कळेल. सवडीने वाच, लॅबमध्ये असताना नको.

राग पेपर प्लेटांचा आला नव्हता. प्लेटाही कुणीतरी आणायलाच हव्यात. तू सांगितलंस की तुझ्या लॅबच्या मॅडमनी थँक्सगिव्हिंगला, त्या अमेरिकेतल्या सणाला, सगळ्यांना घरी बोलावलंय, चौदा जण आहात, कोण काय आणणार याची यादी फिरली आणि तू तुझ्या नावापुढे ‘पेपर प्लेट, कोल्ड्रिंक’ लिहून मोकळी झालीस. मी विचारलं, खायचं काही का नाही? तर म्हणालीस, “इथे कोण खाणार आहे पप्पा? उगाच तसंच परत आणावं लागेल.” ते ‘तसंच परत’ मला लागलं. दोन रात्री तेच डोक्यात आहे.

कारण तसा डबा मी परत आणलेला आहे. घरात हे कुणालाच माहीत नाही.

1994 साल. माझी पहिली बदली कोकणात झाली होती. नाताळच्या सुट्टीआधी ऑफिसात अंगतपंगत ठरली, प्रत्येकाने घरचं काहीतरी आणायचं. तुझ्या आईने पहाटे चारला उठून शेवभाजी केली. मसाला जिजीने पाठवलेला. डबा तोच, कडीचा, ज्याच्या झाकणावर आबांचं नाव कोरलंय. दुपारी टेबलावर सगळे डबे उघडले. सोलकढी, फणसाची भाजी, आंबोळ्या. आमचं झाकण निघालं तसा वरचा काळपट तवंग बघून एक जण म्हणाला, “हे काय, डांबर?” सगळे हसले. वाईट हेतूने नसतील हसले. पण मग कुणी त्यात चमचा घातला नाही. एका वयस्कर गृहस्थांनी माझ्याकडे बघून अर्धा चमचा घेतला, तोही ताटात तसाच राहिला.

संध्याकाळी मी डबा घेऊन एसटी स्टँडवर गेलो. गाड्यावरून दोन पाव घेतले आणि शेवटच्या बाकावर बसून जेवढी जाईल तेवढी भाजी खाल्ली. उरलेली मोरीत ओतली. तवंग निघेना, म्हणून नळाखाली बोटांनी घासून डबा धुतला. घरी आल्यावर तुझ्या आईने दारातच विचारलं, “संपली?” मी म्हणालो, “कमी पडली.” ती इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी तिने जिजीला कार्ड टाकलं.

त्यानंतर नोकरीत जिथे जिथे अंगतपंगत झाली तिथे मी केळी नेली. जळगावचा माणूस, केळीच नेणार, असं लोक म्हणायचे. केळ्यांना कुणी नावं ठेवत नाही. तुझ्या पेपर प्लेटा ऐकल्या आणि मला माझी केळी आठवली. आवाज चढला तो त्यामुळे. तुझं चुकलं म्हणून नाही.

थँक्सगिव्हिंगबद्दल मी थोडं वाचलं. 1621 साली अमेरिकेत प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या लोकांचं पहिलं पीक हाती आलं. तेव्हा तिथले मूळचे वाम्पानोआग लोक, 90 जण, आपल्या प्रमुखाबरोबर आले आणि तीन दिवस राहिले. नुसतं पाहुण्यासारखं खाल्लं नाही, बाहेर जाऊन पाच हरणं मारून आणली. पुढे त्या लोकांच्या वाट्याला काय आलं तेही वाचलं, ते वाचवत नाही. पण ती पाच हरणं माझ्या लक्षात राहिली.

मग कॅलेंडर बघितलं. यंदा चंपाषष्ठी 26 तारखेला, बुधवारी. तुमचा सण 27 ला, गुरुवारी. म्हणजे आदल्याच दिवशी आपल्याकडे तळी उचलली जाणार आणि खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवणार. तुला आठवतं का, जिजी चातुर्मासात वांग्याला हात लावायची नाही, चातुर्मास सरला तरी वांगेसटीपर्यंत, म्हणजे याच चंपाषष्ठीपर्यंत, थांबायची. त्या दिवशी पहिला घास घेताना तिचा चेहरा कसा व्हायचा! आणि मळ्यातली ती भरीत पार्टी, तू पाच वर्षांची. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात बामणोदची हिरवी-पांढुरकी वांगी. साल काढताना बोटं भाजत होती, तरी तू बाजूला होईनास. जळकी साल नाकाला लागलेली. मोठ्या माणसांच्या मधे घुसून दोन्ही हातांनी मुसळ धरलंस आणि म्हणालीस, “मी ठेचणार.” शंकरकाका आजही भेटला की पहिलं तेच काढतो. आता त्या वांग्याला जीआय मानांकन आहे, आणि मुसळ धरणारी मुलगी मिनियापोलिसला पीएचडी करते. मी हे बँकेतल्या लोकांनासुद्धा सांगितलं, तुला आवडत नाही तरी.

तर माझं मत भरीत. मी विचार करून सांगतोय. त्यात दूध नाही, गहू नाही, मांस नाही, म्हणजे चौदा जणांतल्या जवळपास सगळ्यांना चालेल. तिथे ती मोठी जांभळी वांगी मिळतात, त्यांची चालतील. चार घे, हाताला हलकी लागणारी, म्हणजे बी कमी निघेल. काट्याने टोचून घे, नाहीतर ओव्हनमध्ये फुटतात. वरच्या जाळावर ठेव, मधून मधून फिरव, साल सुरकुतून वांगं पार बसलं की झालं. आधी खिडकी उघड आणि पंखा लाव, तो धुराचा भोंगा मागच्या वेळेस वाजला होता. मिरची-लसूण परततानाही वाजेल. मिरची निम्मी घाल, पण काढून टाकू नकोस. कांद्याची पात भरपूर घाल. शेंगदाणे अजिबात नकोत, हे मी ठासून सांगतो. तिकडे कुणाला त्यांची ॲलर्जी असली तर जिवावर बेतू शकतं. मॅडमना आधी विचार, आणि डब्याला चिठ्ठी लाव, आत काय काय आहे त्याची. भाकरीचा नाद करू नकोस. मक्याचे चिप्स सगळे खातात असं तूच म्हणाली होतीस, भरीत त्यांवर छान बसेल. मॅडमचा ओव्हन त्या दिवशी टर्कीने अडलेला असणार, म्हणून जाऊन भाजायचं-बिजायचं काही ठेवू नकोस. घरून गरम करून ने आणि दोन तासांच्या वर बाहेर राहू देऊ नकोस.

बघ, परत भाषण झालं. तू प्रयोगशाळेत याहून नाजूक कामं करतेस आणि मी तुला वांगं भाजायला शिकवतोय. माफ कर.

आईचं मत घारगे. ती म्हणते, तिकडे या दिवसांत गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, हवं तेवढं, डब्यातही मिळतं, नुसता गर असलेला डबा घे, त्यांच्या पमकिन पायचा गोड मसाल्याचा नको. त्यात गूळ, कणीक, थोडी वेलची. आदल्या दिवशी तळून ठेवले तरी बिघडत नाहीत, बसमध्ये सांडायची भीती नाही आणि त्यांच्या पमकिन पायशेजारी परके वाटणार नाहीत. तिचं बरोबर आहे. जास्त शहाणपणाचं तेच आहे. पण घारगे दिसायला त्यांच्यातलेच वाटतील म्हणून न्यायचे, हे मला थोडं बोचतं. आवडतात म्हणून नेणार असशील तर जरूर ने. तुला आवडतात का? हे मी कधी विचारलंच नाही. लहानपणी तू कडा खायचीस आणि मधला भाग बंटीला द्यायचीस.

आणि समजा नाही खाल्लं कुणी. चमचा घातला आणि नाक मुरडलं. मी तिथे नसणार. थंडीत, अंधारात, बसस्टॉपवर तू तो डबा मांडीवर घेऊन बसली आहेस, असं मला दिसतं आणि मग वाटतं, जाऊ दे, प्लेटाच ने बाई, निदान सुखाने जेव. रविवारपासून माझं हे असंच चाललंय. सकाळी भरीत ठरतं, रात्री प्लेटा.

तुझ्या गावात ते एकाच भांड्यात सगळं घालून भाजतात, हॉटडिश, ते तुला पहिल्यांदा दिलं तेव्हा तू काय केलंस? खाल्लंस ना, आवडलं नाही तरी? आम्हाला फोटो पाठवलास आणि कुणी केलं होतं तेही सांगितलंस. तिथली माणसंही तुझ्यासारखीच असतील, असं मी धरून चालतो.

ठरव तूच. यादीतलं नाव बदलायचं नसेल तर नको बदलू, मी पुन्हा विषय काढणार नाही. बुधवारी आम्ही तळी उचलू तेव्हा तुझ्या नावाने एक रोडगा जास्त करायला आईला सांगतो. गुरुवारी तिचा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे, ती पूजेला बसली की मी फोनजवळच असेन. हातमोजे घालून जा, आणि कुणी गाडीतून सोडतो म्हणालं तर संकोच करू नकोस.

काही नेलंस तर फक्त एवढं कर. भांडं परत कसं आलं ते मला त्याच रात्री सांग, भरलेलं असलं तरी. “कमी पडलं” असं म्हणू नकोस.

तुझा,
पप्पा

ता. क. शेवभाजीचं आईला मीच सांगणार आहे, चंपाषष्ठीच्या आत. तोवर तू काही बोलू नकोस.