पिकअप गेले म्हणजे क्लचच गेला असे नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी पेट्रोल मोटार नऊ वर्षांची असून तिचे 58 हजार किलोमीटर झाले आहेत. गेल्या उन्हाळ्यापासून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरील उड्डाणपुलाच्या चढावर ती उठेनाशी झाली. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नसे, मग दोन-तीन गचके बसत आणि तोवर मागची रिक्षा हॉर्न वाजवत बाजूने निघून जाई. सिग्नलला उभी असताना मात्र इंजिन अगदी सुरळीत चाले. एका गॅरेजने गाडी जेमतेम दोन मिनिटे फिरवून क्लच प्लेट बदलावी लागेल असे सांगितले आणि 14 हजारांचा अंदाज लिहून दिला. दुसऱ्याने इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्या) साफ करणे सुचवले. इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे स्पार्क प्लग उघडून पाहण्याचे दोघांनाही सुचले नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

क्लच घसरत असेल, तर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा झपकन वर जातो आणि वेग मात्र वाढत नाही. माझ्या गाडीत तो काटाच रेंगाळत चढत होता, म्हणजे इंजिनालाच जोर येत नव्हता. शेवटी भांडुपच्या एका जुन्या मिस्त्रींनी इंजिन थंड होईपर्यंत मला अर्धा तास बसवून ठेवले (गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे खराब होण्याचा धोका असतो) आणि चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमाने मांडले. टोके फिकट तपकिरी होती. म्हणजे इंजिनात तेल किंवा जादा पेट्रोल जळत नव्हते. तसे असते तर ती तेलकट किंवा काजळीने काळी दिसली असती. मात्र ज्या दोन धातूच्या टोकांमध्ये (इलेक्ट्रोडमध्ये) ठिणगी पडते, त्यांतल्या मधल्याच्या कडा झिजून पेन्सिलीच्या बोथट टोकासारख्या गोल झाल्या होत्या. फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावल्यावर त्या दोन टोकांमध्ये जिथे 1.0 मिलिमीटर फट हवी, तिथे 1.4 निघाली.

ही फट वाढली की ठिणगी पडायला अधिक व्होल्टेज लागते. गाडी उभी असताना सिलिंडरमध्ये थोडीच हवा येते, त्यामुळे दाब कमी राहतो आणि ठिणगी कशीबशी पडते; चढावर ॲक्सिलरेटर दाबताच सिलिंडर हवेने भरतो, दाब वाढतो आणि नेमकी तेव्हाच ती चुकते. यालाच आपल्याकडे ‘गाडी मिसिंग करते’ म्हणतात. सीएनजीला पेटण्यासाठी मुळातच जास्त व्होल्टेज लागत असल्याने पेट्रोलवर बरी चालणारी गाडी गॅसवर आधी कुरकुरते. पीयूसीची (धुराच्या प्रदूषणाची) तपासणी उभ्या गाडीवर होत असल्याने हा दोष तिथेही निसटू शकतो. दुर्लक्ष केल्यास प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलवर ताण येतो आणि न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तोही तापतो, ज्याची किंमत ऐकून क्लच प्लेट स्वस्त वाटावी.

साधे निकेलचे प्लग बदलण्याची मुदत किलोमीटरमध्ये सांगितली जाते. मुंबईत हा हिशेबच फसवा आहे. मुलुंड ते अंधेरी या पंधरा-सोळा किलोमीटरला मला सायंकाळी दीड तास लागतो. मिनिटाला 800 फेऱ्यांनी नुसते घुरघुरणारे इंजिनही दर सिलिंडरमागे तासाला निदान 24 हजार ठिणग्या पाडते, आणि मीटरवर मात्र एक किलोमीटरही वाढत नाही. शिवाय दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात माझ्या प्लगांपुढे ‘तपासले’ अशी खूण आहे. कशाने तपासले, किती फट आढळली, याचा उल्लेख नाही.

मिस्त्रींनी नवे प्लग आधी हाताने आट्यांत फिरवून मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळले. प्लग आणि मजुरी मिळून खर्च दीड हजाराच्या आत आला आणि त्याच संध्याकाळी गाडी तो पूल तिसऱ्या गिअरमध्ये चढली. अर्थात, प्रत्येक मंद गाडीचे दुखणे प्लगच असेल असे नाही. एअर फिल्टर कोंदलेला असू शकतो, कॉइल गेलेली असू शकते. गाडीचे दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर एकाच सिलिंडरचा मिसफायर (ठिणगी किंवा ज्वलन चुकणे) दिसला, तर तिथली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब, जागीच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर.

आपल्या वृत्तपत्रामार्फत शहरातील गॅरेजचालकांना आणि सर्व्हिस सेंटरांना एवढीच विनंती आहे की, पिकअपची तक्रार आल्यास मोठा खर्च सांगण्यापूर्वी प्लग उघडून ग्राहकाला दाखवावेत, मोजलेली फट जॉबकार्डवर मिलिमीटरमध्ये लिहावी आणि बदललेले जुने प्लग न मागता परत द्यावेत.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई