टेबलावरचे पुस्तक आणि तिसरा नियम

माननीय संपादक,

नववीला न्यूटनचे गतीचे नियम शिकवताना तिसऱ्या नियमासाठी, म्हणजे प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते यासाठी, एक उदाहरण सर्रास दिले जाते. टेबलावर पुस्तक आहे. त्याचे वजन ही क्रिया, टेबलाचा वरचा रेटा ही प्रतिक्रिया, दोन्ही समान आणि विरुद्ध. गाईडांत, शिकवणीच्या नोट्समध्ये, व्हिडिओंमध्ये हेच सापडते. हे उदाहरण चूक आहे आणि त्यातून मुलांचा पुढचा सगळा पाया कच्चा राहतो.

ही दोन्ही बले एकट्या पुस्तकावर लागतात. तिसऱ्या नियमाची जोडी मात्र कायम दोन निरनिराळ्या वस्तूंवर असते. ती ओळखायला वाक्यातली नावे उलटवावीत. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, म्हणून पुस्तक पृथ्वीला वर ओढते. टेबल पुस्तकाला वर रेटते, म्हणून पुस्तक टेबलाला खाली रेटते. जोडीतली दोन्ही बले एकाच जातीची असतात, हेही तपासावे: गुरुत्वीय बलाची जोडी गुरुत्वीय, स्पर्शाच्या बलाची स्पर्शाचीच.

मग वजन आणि रेटा समान का? पुस्तक स्थिर आहे, त्याचे त्वरण (वेग बदलण्याचा दर) शून्य आहे, म्हणून. ते श्रेय पहिल्या-दुसऱ्या नियमाचे: त्वरण शून्य असेल तर वस्तूवरचे एकूण बलही शून्य. लिफ्टमध्ये हे उघड होते. १ किलोच्या पुस्तकाचे वजन ९.८ न्यूटन. लिफ्ट १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली की तळाचा रेटा १०.८ होतो, त्याच त्वरणाने खाली निघाली की ८.८. वजन तेवढेच राहते. तिसऱ्या नियमाला तर अपवाद नाही. मग ही जोडी त्याची कशी असेल?

या घोटाळ्याचा परिणाम बैलगाडीच्या प्रश्नात दिसतो. ‘बैल गाडीला जेवढे ओढतात तेवढेच गाडी बैलांना मागे ओढते, तर गाडी हलते कशी?’ हा प्रश्न विचारणारे मूल हुशार असते. त्याला ‘नियमच आहे’ म्हणून गप्प करू नये. खुद्द न्यूटनने १६८७च्या ग्रंथात दोरीने दगड ओढणाऱ्या घोड्याचे उदाहरण घेतले आहे. आकडे घालून पाहू. गाडी ४०० किलो, बैलजोडी ८०० किलो. बैल गाडीला ३०० न्यूटनने ओढतात, रस्त्याचा विरोध २०० न्यूटन. गाडीवर उरले १०० न्यूटन, त्वरण ०.२५. गाडी बैलांना मागे ३०० न्यूटननेच ओढते. पण खूर जमिनीला मागे ५०० न्यूटनने रेटतात आणि जमीन बैलांना पुढे ५०० न्यूटनने. बैलांवर उरले २०० न्यूटन, त्वरण पुन्हा ०.२५. चिखलात खूर घसरतात तेव्हा हे ५०० न्यूटनच मिळत नाहीत आणि गाडी अडते. प्रत्येक वस्तूची वेगळी आकृती काढून फक्त तिच्यावरची बले दाखवली की कोडे उरत नाही.

तिसरा नियम प्रत्यक्ष दाखवायला प्रयोगशाळेतले दोन तानकाटे (स्प्रिंगचे वजनकाटे) पुरतात. ते टेबलावर आडवे ठेवून दोन्हींचे शून्य त्याच स्थितीत जुळवावे. उभे धरून जुळवलेले शून्य आडवे करताच चुकते, कारण हुकाचे वजन स्प्रिंगला ताणत नाही. हुकात हुक अडकवून ओढावे. एका हाताने जोर कितीही लावला तरी वाचने सारखीच येतात. एकाची कडी दुसऱ्याच्या हुकात घातली तर झटक्याने ओढताना वाचने वेगळी पडतात, कारण मधल्या काट्याच्या स्वतःच्या वस्तुमानालाही बल लागते; मुलांना तेव्हा नियमच मोडल्यासारखा वाटतो. पट्टी नळीला घासत असेल तर काटा अडकतो, बोटाने हलकेच टिचकी मारून मग वाचावा. लिफ्टचा प्रयोगही याच काट्याला १ किलोचे वजन टांगून होतो, फक्त काटा लिफ्टच्या दांड्याला बांधावा. हातात धरला तर हाताच्या हेलकाव्यानेच आकडा नाचतो.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती आहे की ‘तिसरा नियम लिहून उदाहरण द्या’ हा प्रश्न बदलावा. टेबलावरच्या पुस्तकावरील बले दाखवायला सांगावीत आणि प्रत्येक बलाची जोडी कोणत्या वस्तूवर लागते ते विचारावे. नमुना उत्तरात ‘पृथ्वीवर’ आणि ‘टेबलावर’ ही दोन उत्तरे स्पष्ट छापावीत, म्हणजे बरोबर लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले जाणार नाहीत.

– माध्यमिक विज्ञान शिक्षक, सातारा