चिकूला पुढे उभं करू नकोस

डोंबिवली, मंगळवार

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल स्कूटरचा विषय काढला आणि तू फोन ठेवलास, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. "मग चारचाकी घेऊन दे," म्हणालास. चारचाकी घे असं मी कधी म्हटलं? तिच्यावाचूनच तुम्हा दोघांना वाढवलं. तो फोटो तेवढा डोळ्यांपुढून जात नाही. कर्वे रस्ता, तुझी स्कूटर, मागे गौरी, मध्ये ओवी आणि चिकू पुढे उभा, आरसा धरून.

अडीच वर्षांचं पोर ते! करकचून ब्रेक लागला तर आधी तोच फेकला जाईल. चार वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने चालवणाऱ्याशी बांधायचं, डोक्याला हेल्मेट, वेग ४० च्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. आणि दुचाकीवर चौघं तर कधीच चालत नव्हते.

झालं, लागले शिकवायला. रागावू नकोस रे.

मी तरी कुठे शहाणी होते! तू दीड वर्षाचा असताना रोज तुला कडेवर घेऊन फास्ट लोकलने दादर, तुला माईंकडे सोडून पुढे ऑफिस. लेडीज डब्यात चढले की बसलेल्या बायका हात पुढे करायच्या, "द्या त्याला इकडे." ठाणं येईपर्यंत तू कुणाच्या मांडीवर गेलास ते मला दिसायचंही नाही. कुणी बिस्कीट द्यायचं, कुणी बांगड्या खेळायला. दादर आलं की हातोहात परत यायचास.

एकदा तिथेच उतरताना मागून रेटा आला आणि तू माझ्या हातून सुटलास. दोन-तीन सेकंदच. एका बाईने तुला वरच्या वर धरलं. तुझी एक चप्पल रुळांत गेली. चप्पल हरवली, एवढंच घरी सांगितलं होतं. बाबांनाही हे पत्र वाचूनच कळेल. ते दोन-तीन सेकंद अजून अंगावर येतात, म्हणून चिकूचं पुन्हा पुन्हा बोलते.

डोक्यावर आणखी कर्ज नको म्हणून तू हौस मारलीस, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगते. गौरी ओवीला घेऊन पीएमपीच्या गर्दीत कशी चढते, तेही पाहिलंय मी. दोन मुलं घेऊन ताटकळत बस पकडणं सोपं नाही, कळतं मला.

पण शुक्रवारी येताना स्कूटर स्टेशनवर लावायला आणू नका. वनाजला मेट्रोत बसलात की थेट पुणे स्टेशन, मध्ये बदलायचंही नाही. दिवाळीत आपण गेलो तेव्हा चिकू खिडकीला नाक लावून नदी बघत होता. पुणे स्टेशनहून इंद्रायणी एक्स्प्रेसने कल्याण. बाबा पुलाखाली उभे असतील. ओवीची शाल इथेच राहिलीय, दुसरी आणू नका.

घरापासून वनाजपर्यंत मात्र रिक्षा करा. तेवढ्याशा अंतरासाठी चिकूला पुढे उभं करू नकोस. रिक्षाचे पैसे मी देईन.

तुझी,
आई