बाळाचं मॅग्नेशियम, आईचा केसपेपर

प्रिय सुहास,

28 आठवड्यांत जन्मलेलं बाळ, दुसरा दिवस, रक्तातलं मॅग्नेशियम 3.8. एवढंच लिहिलंस, एकक गाळलंस! आधी लॅबला फोन लाव. 3.8 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर घाबरायचं कारण नाही. पण 3.8 मिलिमोल प्रति लिटर असेल तर तेच 9 मिलिग्रॅमच्या वर जातं, आणि अशा बाळाचा श्वास थांबू शकतो. मिलिमोल प्रति लिटरला 2.43 ने गुणलं की मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मिळतात. मिलिइक्विव्हॅलंट हे आणखी एक एकक, त्यातला आकडा मिलिमोलच्या दुप्पट.

मग आईचा केसपेपर मागव. बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठी मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) दिलं असेल तर साधारण शिरेतून 4 ग्रॅम आणि पुढे तासाला 1 ग्रॅम, जास्तीत जास्त 24 तास. एक्लॅम्प्शियासाठी (गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके) प्रिचर्ड पद्धत वापरली असेल तर सुरुवातीलाच 14 ग्रॅम (4 शिरेतून, 5-5 दोन्ही कुल्ल्यांत), नंतर दर 4 तासांनी 5. म्हणजे दिवसभरात जवळजवळ 40 ग्रॅम. हे मॅग्नेशियम नाळेतून बाळाकडेही जातं, आणि ते बाहेर टाकायचं काम बाळाच्या कच्च्या मूत्रपिंडांवर येतं. त्यामुळे 1.6 ते 2.4 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हा नेहमीचा पट्टा या बाळांना पहिले काही दिवस लागू करू नकोस. तीन-साडेतीन सहज दिसतं आणि आठवडाभरात हळूहळू उतरतं.

बाळ हालचाल करतंय, श्वास घेतंय, लघवी होतेय? मग काहीही करू नकोस, फक्त टीपीएनमधलं (शिरेतून दिल्या जाणाऱ्या पोषणातलं) मॅग्नेशियम शून्य ठेव. तयार मिश्रणाचं लेबल वाच, काहींत ते आधीच घातलेलं असतं. बाळ ढिलं पडलं, ॲप्निया (श्वास थांबण्याचे प्रसंग) वाढले, ब्लड प्रेशर घसरलं, पोट फुगलं, तर आधी श्वासाला आधार. मग 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 1 ते 2 मिली प्रति किलो, पातळ करून, दहा मिनिटांत, मॉनिटरवर नजर ठेवून. शीर फुटली तर कातडी जळते, म्हणून लाइन आधी तपास. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर तेही लक्षात घे, ते आणि मॅग्नेशियम मिळून स्नायू आणखी ढिले करतात.

पातळी अडीचच्या खाली आली की मी दिवसाला 2.5 ते 5 मिलिग्रॅम प्रति किलो मॅग्नेशियम सुरू करतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मॅगसल्फच्या 50 टक्क्यांच्या ॲम्प्यूलमध्ये 1 मिलीत 500 मिलिग्रॅम क्षार (मॅग्नेशियम सल्फेट) असतो, पण त्यात मॅग्नेशियम जेमतेम 49 मिलिग्रॅम. ऑर्डरवर नुसतं ‘5 मिग्रॅ’ लिहिलं तर सिस्टर क्षार समजून दहापट कमी देईल. क्षाराचा आकडा मॅग्नेशियमचा समजला तर दहापट जास्त. त्यापेक्षा 1 मिली ॲम्प्यूल आणि 9 मिली डिस्टिल्ड वॉटर एकत्र कर. आता 1 मिलीत जवळजवळ 5 मिलिग्रॅम मॅग्नेशियम. किलोभराच्या बाळाला दिवसाला अर्धा ते एक मिली, हिशोब संपला. सिरिंजवर लेबल मात्र ताबडतोब लाव.

उलटी बाजूही आहे. बाळ थरथरतंय, कॅल्शियम देऊनही कॅल्शियम वर येत नाही, अशा वेळी मॅग्नेशियम तपास. ते कमी असेल तर कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉइड हार्मोन नीट सुटत नाही आणि कॅल्शियम कितीही ओतलं तरी वाया जातं. आईच्या पोटात वाढ खुंटलेल्या बाळांचं जास्त प्रथिनांच्या टीपीएनवर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम एकत्रच घसरू शकतं. त्यात आईला मॅगसल्फ मिळालं असेल तर पहिल्या दिवसांचा चांगला आकडा ही घसरण झाकून टाकतो. म्हणून फॉस्फेट पडलं की मॅग्नेशियम पुन्हा मागव.

राहिलं सॅम्पल. टाच पिळून काढलेलं रक्त हिमोलाइज होतं (लाल पेशी फुटतात), आणि लाल पेशींत मॅग्नेशियम जास्त असल्याने आकडा फुगतो. जांभळ्या झाकणाच्या (रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या) नळीतलं रक्त चुकून मिसळलं तर कॅल्शियम विचित्र कमी आणि पोटॅशियम विचित्र जास्त येतं. तसा रिपोर्ट आला तर सरळ नवं सॅम्पल घे. टीपीएनच्या लाइनमधून रक्त काढू नकोस.

एकक कळलं की कळव, आणि लघवी किती होतेय तेही.

तुझा,
अनिल