‘प्रोबाटा’ म्हणजे मेंढ्याच असं नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसवरील लेखात पर्शियन लोकांच्या वाढदिवसाचा उतारा आहे. श्रीमंत माणसं बैल, घोडा, उंट नाहीतर गाढव अख्खं भट्टीत भाजून वाढतात आणि गरीब ‘लहान मेंढ्या’ वाढतात, असं लेखकाने त्याचं भाषांतर केलं आहे. मूळ ग्रीकमध्ये या मेंढ्या ‘प्रोबाटा’ आहेत. हिरोडोटस हा शब्द पाळीव जनावरांना सरसकट वापरतो. ओळीत ‘जनावरांपैकी लहान’ एवढंच आहे. शेळीला तिथे बंदी नाही.

मेंढी हा अर्थ रुळला तो अथेन्सच्या बोलीत. विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. 422 मधल्या नाटकात काठ्या आणि झिजकी पांघरुणं घेऊन प्निक्सवर, म्हणजे अथेन्सच्या सभेच्या टेकडीवर, सभेला बसलेल्या प्रोबाटांचं स्वप्न आहे. ती मात्र मेंढरंच. सभेत माना डोलावणाऱ्या नागरिकांना मारलेला तो टोमणा आहे.

शब्द आला ‘प्रोबाइनो’, म्हणजे पुढे चालणे, यावरून. मिश्र कळप हाकताना मेंढ्या पुढे असतात म्हणून हे नाव पडलं, असं एक जुनं स्पष्टीकरण आहे. जन्मभर गुरांची डॉक्टरकी केलेल्या मला ते पटत नाही. मेंढरू दिसेल त्या झुडपात तोंड घालतं. गाईच्या पुढे ते चालणार कधी? एमील बांव्हनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मांडलेला अर्थ मला जवळचा वाटतो: चालती मालमत्ता. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात ओडिसियसच्या गैरहजेरीत त्याच्या बायकोला मागणी घालणारे त्याच्या घरची संपत्ती खाऊन संपवत असतात. दुसऱ्या सर्गात त्याचा मुलगा टेलेमाखोस त्यांच्या गावच्या, इथाकाच्या, सभेत लोकांना सुनावतो की, माझी ‘केइमेलिया’ आणि ‘प्रोबासिस’ तुम्हीच खाल्ली असती तर बरं होतं, निदान कधीतरी भरपाई तरी मिळाली असती. केइमेलिया म्हणजे पडून असलेली दौलत, प्रोबासिस म्हणजे चालणारी. आपलं ‘स्थावर-जंगम’ लगेच आठवतं, पण नीट बसत नाही. आपण सोनं जंगमात धरतो; टेलेमाखोसच्या हिशेबात ते पडून राहणारं. चालणारं म्हणजे खरोखरच पाय असलेलं.

लेखमालेचं पुस्तक होणार असेल, तर त्या ओळीत ‘लहान जनावरं’ असा बदल करावा, ही विनंती. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या प्रोबाटांना मात्र हात लावू नये. तिथे मेंढरंच बरोबर आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य