अमृतसरहूनच निघू

पुणे, ३ नोव्हेंबर

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. ग्रँड ट्रंक रोड सायकलनं करायचाच, हे माझ्यापुरतं ठरलं. तू कोलकात्याहून निघू म्हणतोस, पण माझं ऐक, अमृतसरहून निघू. फेब्रुवारी-मार्चमध्ये गंगेच्या मैदानात वारा बहुतेक पश्चिमेचा असतो. जवळजवळ १,९०० किलोमीटर जायचंय, तो पाठीवर असलेला बरा.

संक्रांतीला पानिपतात असावं, हे तुझं म्हणणं मनाला भिडलं. पण जानेवारीत तिकडे असं धुकं असतं की ट्रकवाल्याला सायकल दिसायची नाही. तो हट्ट सोड. पानिपतात मात्र एक दिवस पुरता थांबू, आणि तोही केवळ काला आंबच्या युद्धस्मारकासाठी नव्हे. १७६० च्या ऑक्टोबरात सदाशिवरावभाऊंनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला आणि पाठीमागे अब्दाली बागपतला यमुना उतरून आला. दिल्लीची वाट तुटली. पानिपत ते दिल्ली, जेमतेम ९० किलोमीटर! आपला एका दिवसाचा पल्ला. तेवढ्या वाटेसाठी आपली माणसं अडीच महिने उपाशीतापाशी अडकून पडली. लहानपणापासून हे वाचत आलोय. त्या ९० किलोमीटरला माझ्या पायांनी भिडायचंय. त्या दिवशी बायपास नको, घाई नको.

हरियाणात रस्त्याकडेला कोसमिनार अजून उभे आहेत. दर कोसाला, म्हणजे साधारण ३ किलोमीटरला एक, असा जुना हिशोब. शेरशाहाला गादी मिळाली १५४० ला आणि १५४५ ला तो गेला. एवढ्यात त्यानं हा प्राचीन रस्ता नीट केला, सराया बांधल्या. त्यासाठी तरी सासारामला तळ्यामधली त्याची कबर पाहायचीच.

मुक्कामाचं म्हणशील तर पंजाब-हरियाणात गुरुद्वारे आहेत, पुढे धर्मशाळा आणि लॉज. कानपूर, प्रयागराज, वाराणसी सपाट आहे. खरी परीक्षा बिहार ओलांडून झारखंडात शिरताना, चौपारणच्या अलीकडच्या दनुआ घाटात. ट्रकांची गर्दी, चढ आणि वळणं. तो उजाडताच चढायचा. मग पारसनाथचा डोंगर दिसू लागेल.

जाड टायर, दोन-दोन ट्यूब, मागचा लाल दिवा आणि चमकणारी जाकिटं आणतो. तू चेन आणि ब्रेक तपासून घे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सायकली पार्सलनं टाकाव्या लागतील. म्हणून रजा कधीपासून मिळते ते आठवड्याभरात कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत