'चिमुकल्यांसह वारसा सहल' : बेबी सीटचे पैसे घेतले, सीट आलीच नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
आपली सहल कंपनी, पणजी

विषय : शुक्रवार, २५ एप्रिल २०२५ रोजीच्या जुने गोवे–आग्वाद–फोंतैन्य सहलीतील त्रुटी व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मी म्हापशात राहते. म्हापशात राहून जुने गोवे बघायला सहल कंपनीला पैसे मोजणारी बाई म्हणून शेजारणी आधीच हसल्या होत्या. पण आमची गाडी गॅरेजमध्ये होती, कोल्हापूरहून सासू-सासरे आले होते, आणि सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक असल्यामुळे त्यांना नीट माहिती सांगणारा कोणी सोबत हवा होता. शिवाय आमची मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. तुमच्या जाहिरातीत 'चिमुकल्यांसह कुटुंबांसाठी खास' असे ठळक लिहिले होते, ते वाचूनच मी ११,५०० रुपये भरले. बेबी सीटचे ५०० वेगळे.

बुकिंग करताना मी फोनवर दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्या. बेबी सीट नक्की मिळेल ना, आणि दुपारी १ ते ३ ती झोपते, तेव्हा काय? तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, "ताई, त्या वेळेत आपण जेवण करून गाडीतच असू, बाळ आरामात झोपेल. आणि गाईडबरोबर आमची एक मदतनीस असतेच." हे बोलणे झाल्यावर मी तसे मेसेजवरही लिहून पाठवले होते, त्यावर अंगठ्याचे चित्र आले. तो मेसेज सोबत जोडला आहे.

८ वाजता येणारी गाडी ९.२५ ला आली. पर्वरीत कोंडी होती हे मान्य, ती आम्हालाही रोजचीच आहे. पण गाडीत बेबी सीट नव्हती आणि मदतनीसही नव्हती. गाईडना विचारले तर म्हणाले, "मांडीवर घ्या हो, एवढंसं तर अंतर." मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बेबी सीट न लावता गाडीतून नेणे दंडाला पात्र आहे. हे मी तुम्हाला सांगावे लागावे, याचेच आश्चर्य वाटते. दिवसभर ती माझ्या मांडीवर होती.

जुन्या गोव्यात पोहोचल्यावर कळले की पुरातत्त्व संग्रहालय बंद आहे. ते शुक्रवारी बंदच असते, आणि सहलीचा वार तुम्हीच ठरवून दिला होता! तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत संग्रहालयासाठी ४५ मिनिटे छापलेली आहेत. सासरे फाटकाशी जाऊन पाटी वाचून परत आले, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

जागांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. से कॅथेड्रलसमोरच्या हिरवळीवर मुलगी मनसोक्त धावली. १७७६ साली पडलेल्या दुसऱ्या मनोऱ्याची रिकामी जागा सासऱ्यांनी, म्हणजे तिच्या आबांनी, तिला बोटाने दाखवली, तेव्हा तिने "पल्ला!" म्हणून टाळ्या वाजवल्या. बॉम जेझसच्या बासिलिकेत आवाज घुमतो हे तिला दोन मिनिटांत कळले आणि तिने एक किंकाळी मारली. लोक शांतपणे प्रार्थना करत होते, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, मी तिला घेऊन बाहेर आले. अशा वेळीच ती मदतनीस हवी होती. ती नसल्यामुळे आधी मी बाहेर, मग नवरा बाहेर, असे करत आम्हा दोघांपैकी एकानेही बासिलिका धड पाहिली नाही. आत सासऱ्यांना गाईडनी सांगितले की ही इमारत पोर्तुगीज आले तेव्हाची, १५१० ची. सासऱ्यांनी दुरुस्त केले, की १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला, बासिलिकेचे काम १५९४ ला सुरू झाले. गाईड म्हणाले, "तेच ते." तुमच्या भाषेत ही 'अभ्यासू मार्गदर्शकासह' सहल होती.

सासऱ्यांना सगळ्यात जास्त ओढ सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांची होती. जांभ्या चिऱ्यांचा तो मनोरा एकेकाळी ४६ मीटर उंच होता. मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ ला चर्चचे छत कोसळले आणि १९३१ ला मनोऱ्याचाही मोठा भाग गेला. जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी याच आवारात सापडल्या आणि त्यांतल्या काही २०२१ साली आपल्या सरकारने जॉर्जियाला भेट दिल्या, त्या नेमक्या कुठे मिळाल्या ते त्यांना बघायचे होते. त्यासाठी आम्हाला १२ मिनिटे मिळाली. मी घड्याळ लावून मोजली, कारण त्यानंतर लगेच गाडी काजूच्या दुकानासमोर उभी राहिली आणि तिथे ५० मिनिटे गेली. हे दुकान कार्यक्रमपत्रिकेत नाही. आम्ही गोव्यात राहतो, आम्हाला काजू कुठे मिळतात ते माहीत आहे. गंमत अशी की त्या दुकानात एसी होता, तिथल्या खुर्चीवर मुलगी माझ्या खांद्यावर झोपली. बरोबर वीस मिनिटांनी, आम्ही काही घेत नाही हे पाहून, गाईडनी "चला, चला, उशीर होतोय" म्हणत तिला जागे केले. ते रडणे जेवणापर्यंत टिकले. जेवण १२.३० चे २.४५ ला मिळाले. हॉटेलातल्या आचाऱ्याने तिला वेगळा मऊ वरणभात करून दिला, त्या भल्या माणसाचे आभार. डायपर मात्र दोन्ही वेळा गाडीच्या मागच्या सीटवर बदलावा लागला.

मग एप्रिलच्या उन्हात ३.४० ला आग्वाद. वरच्या किल्ल्यात सावली जवळपास नाहीच, फरसबंदी तापलेली. बाबागाडी चालवायला सपाट रस्ता आहे असे तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या होत्या, प्रत्यक्षात ती पायऱ्यांवरून माझ्या नवऱ्याने उचलून नेली. सासूबाई गुडघ्यामुळे गाडीतच थांबल्या. आणि इथे गाईडनी कळस केला. 'आग्वाद' हे नाव 'आग' या शब्दावरून पडले, इथे शत्रूच्या जहाजांवर आग ओकत असत, असे त्यांनी सांगितले. अहो, पोर्तुगीजमध्ये आग्वा म्हणजे पाणी! १६१२ चा हा किल्ला जहाजांना गोडे पाणी पुरवण्यासाठी प्रसिद्ध होता, आणि २३ लाख ७६ हजार गॅलन पाण्याचे टाके त्यांच्या पायाखाली होते. सासरे हसले, दिवसभरात पहिल्यांदा.

पणजीतली जुनी वस्ती, फोंतैन्य, राहूनच गेले. गाईडची ड्युटी ५ ला संपते म्हणे. खरे तर लहान मुलाला घेऊन संध्याकाळी फिरायला सगळ्या दिवसातली तीच जागा सोयीची होती. अरुंद गल्ल्यांत सावली असते, पिवळी-निळी घरे आहेत, आणि आमची मुलगी सध्या रंगच शिकते आहे.

एक गोष्ट न्यायाने लिहिली पाहिजे. तुमचे चालक, पेडण्याकडचे गृहस्थ, फार चांगले. वाटेत त्यांनी स्वतःहून शहाळ्यासाठी गाडी थांबवली आणि "रडूं नाका गो बाय" म्हणत मुलीला किल्ल्यांचा जुडगा खेळायला दिला. दिवसभरात तिची दखल घेणारा तुमच्याकडचा तो एकच माणूस. माझ्या तक्रारीमुळे त्यांच्यावर काही येऊ नये.

तुमची मोठ्यांची सहल वाईट असेलच असे मी म्हणत नाही. तुम्ही तीच सहल 'चिमुकल्यांसह' असे नाव देऊन जास्त दराने विकली, ही माझी तक्रार आहे. तेव्हा बेबी सीटचे ५०० रुपये पूर्ण, आणि बंद संग्रहालय, रद्द झालेले फोंतैन्य, न आलेली मदतनीस व काजूच्या दुकानात घालवलेला वेळ यांपोटी सहलीचे निम्मे, म्हणजे ५,७५० रुपये, असे एकूण ६,२५० रुपये १५ दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत. जाहिरातीतले 'बेबी सीट उपलब्ध' हे शब्द, गाड्यांत ती प्रत्यक्ष बसेपर्यंत, काढावेत. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावती, मेसेज आणि छापील कार्यक्रमपत्रिकेची प्रत सोबत आहे.

आणि मुलीचा डाव्या पायाचा लाल बूट तुमच्या गाडीत मधल्या सीटखाली राहिला आहे. तो चालकांजवळ म्हापशाला पाठवून द्यावा. ती रोज उजवा बूट घेऊन दाराशी उभी राहते.

आपली,
बुकिंग केलेली ग्राहक, म्हापसा